गळ आमचा, गाव त्यांचं

गेल्या पंधरवड्यात आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. जंगलातला मोठा जलाशय, मागे सागाचे डोंगर, लाइफ जॅकेट घातलेले चार-पाच जण मोटारबोटीत आणि एकाच्या हातात चांगला दोन हात लांब कटला. खाली मजकूर : 'अशा ठिकाणी माजी सैनिकांसाठी फिशिंग क्लब निघायला हवा. जाळी टाकणाऱ्या गावकऱ्यांना एकदाचं हाकललं की मासेही वाढतील आणि पर्यटनही.' त्याखाली पन्नासेक अंगठे.

हे टाकणारे सुभेदार साहेब माझे जुने स्नेही. एका बंकरमध्ये आम्ही अख्खा हिवाळा काढलाय. म्हणून ग्रुपवर भांडलो नाही. पण उत्तर देणं भाग आहे. कारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी असा मजकूर आला असता तर अंगठा दाखवणाऱ्यांत मीही असतो.

आधी माझी बाजू सांगतो. गळ टाकून बसायची हौस मला फौजेनेच लावली. अरुणाचलात नदीकाठच्या एका पोस्टवर आम्ही पॅराशूटच्या दोरीच्या आतला बारीक धागा ओढून काढायचो, त्याला गळ बांधायचो आणि लंगरातल्या कणकेची गोळी लावून तासन्‌तास बसायचो. मासा मिळायचा आठवड्यातून एकदा. पण त्या दोन तासांत रेडिओ सेटची खरखर नाही, रोल कॉल नाही, घरच्या पत्रातली काळजी नाही. ज्याने उंचावरच्या पोस्टवर सहा-सहा महिने काढलेत त्याला पाण्याकाठी गप्प बसण्याची किंमत मी सांगायला नको. तेव्हा जवानाच्या करमणुकीला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ती त्याने कमावलेली असते.

आता २००९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी पचमढीला कोर्सवर होतो. आपल्यापैकी ज्यांनी तिथे मॅप रीडिंगचा कोर्स केलाय, त्यांना तिथली थंडी, धूपगढची चढण आणि इन्स्ट्रक्टरची लाल पेन्सिल आठवत असेल. एका रविवारी आम्ही सहा जण डोंगर उतरून तवा जलाशयावर गेलो. कुणाच्या तरी ओळखीतून 'बंदोबस्त' झाला होता. मासे पकडायची परवानगी आहे का, हे मी विचारलं नाही. बंदोबस्त या शब्दाची गंमतच ही की तो ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

आमच्यासोबत एक म्हातारा नावाडी होता. गोंड होता, साठी ओलांडलेला. मी त्यांना दादा म्हणत होतो, ते मला फौजी भैया. त्यांनीच गांडुळं आणली, कुठे खोल आहे ते दाखवलं, वारा कुठून येतो ते पाहून डोंगी वळवली. आमचे रॉड महागडे, पण मासा कुठे बसतो ते दादांना ठाऊक. दुपारी डोंगी एका जागी थांबवून त्यांनी वल्ह्याने खाली दाखवलं. "यहाँ अपना गाँव था, भैया. कुआँ इधर, इमली उधर." मी खाली पाहिलं. हिरवं पाणी. आम्ही तिथेच गळ टाकले, कारण जुन्या झाडांच्या खुंटांपाशी मासा जास्त असतो असं ते म्हणाले. खरंच होतं ते. संध्याकाळपर्यंत पाच मोठे मासे मिळाले.

निघताना आम्ही दादांना पैसे दिले आणि दोन मासे पुढे केले. पैसे त्यांनी घेतले. मासे घेतले नाहीत. मला वाटलं, संकोच करताहेत. पिशवी हातात कोंबायला लागलो तर ते मागे सरकले. "रास्ते में किसी ने झोला देख लिया तो हम क्या बताएँगे? आप ले जाओ. आपसे कोई नहीं पूछेगा."

आणि खरंच, आम्हाला कुणी विचारलं नाही. पाच मासे घेऊन आम्ही आरामात पचमढी चढलो. रात्री तळले, खाल्ले.

दुसऱ्या दिवशी वर्गात जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवून बदल टिपायचा सराव होता. एकाच प्रदेशाचे दोन नकाशे. जुन्या शीटवर नदी बारीक, तिच्या दोन्ही अंगांना वस्त्या, विहिरींच्या खुणा, देवळं, एका वस्तीतून दुसरीत जाणाऱ्या गाडीवाटा. नव्या शीटवर त्याच ग्रिड चौकोनांत निळा रंग. काही गाडीवाटा तर निळ्याच्या काठापर्यंत येऊन तशाच तुटलेल्या. इन्स्ट्रक्टरने विचारलं, "या भागाचं लष्करी महत्त्व काय?" मी सांगितलं, पाण्याचा अडथळा. उत्तर बरोबर होतं, मार्कही मिळाले. पण त्या निळ्यात कुठेतरी दादांची विहीर आणि चिंच होती, आणि त्याच्यावर बसून मी मासे पकडले होते.

त्यानंतर मी या जलाशयाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. ते थोडक्यात सांगतो.

तवा ही नर्मदेची सर्वांत लांब उपनदी. नर्मदेच्या खोऱ्यातलं पहिलं मोठं धरण तिच्यावर झालं, सत्तरच्या दशकात त्यात पाणी अडलं. ४४ गावं उठली, बहुतेक गोंड आणि कोरकू. कालवे खाली होशंगाबादच्या सपाट शेतांत गेले. डोंगरातल्या उठलेल्यांना त्या पाण्याचा घोट नाही. त्याच सुमाराला शेजारी इटारसीजवळ दारूगोळ्याच्या चाचणीसाठी प्रूफ रेंज झाली. तिच्यासाठी आणखी २६ गावं उठली. मग १९८१ साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान, आजूबाजूला बोरी आणि पचमढी ही अभयारण्यं, आणि पुढे सगळं मिळून व्याघ्र प्रकल्प. काही कुटुंबं एका आयुष्यात दोनदा-तीनदा उठली.

प्रूफ रेंजचं वाक्य, साहेब, जरा परत वाचा. तिथे चाचणी झालेला गोळा आपल्या तोफखान्यात येतो. तो नळीत फुटणार नाही, या भरवशावर आपला गनर दोरी ओढतो. तो भरवसा कुणाच्या तरी शेतावर उभा आहे. रेंज नको असं मी म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. पण ज्याच्या जमिनीवर आपला गोळा तपासला गेला, त्यालाच पाण्यावरून हाकला असं आपण म्हणावं? आपण?

गावकऱ्यांच्या जाळ्यांनी मासे संपतात, हा साहेबांचा मुख्य मुद्दा. तव्यावर याचा प्रयोग होऊन गेलेला आहे. सुरुवातीला मासेमारी सरकारी महामंडळाकडे होती, मग एका खासगी ठेकेदाराकडे गेली. उठलेल्या लोकांना त्यांच्याच गावावरच्या पाण्यात मजुरीने जाळं ओढावं लागे, नाहीतर चोरून. त्यांनी मोठा लढा दिला, आणि १९९६ साली त्यांच्या सहकारी संस्थांच्या संघाला, तवा मत्स्य संघाला, मासेमारीचा हक्क पाच वर्षांसाठी मिळाला. पुढे तो आणखी पाच वर्षं वाढला. त्या काळात काय झालं? संघाने दरवर्षी मत्स्यबीज सोडलं. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट माशांच्या विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद असते, ती बंदी त्यांनी स्वतः राखली. रात्री स्वतःची गस्त घातली. उत्पादन आधीच्या व्यवस्थेपेक्षा वाढलं आणि मासेमाराच्या हातात पडणारा दरही वाढला. ज्यांना आपण 'संपवणारे' म्हणतो, त्यांनी ते राखून दाखवलं.

यात आश्चर्य कसलं? आपण फौजेतली माणसं. पोस्ट कोण राखतो हे आपल्याला कळायला हवं. ज्याला माहीत आहे की ही पोस्ट आपली, उद्याही इथेच राहायचंय, तो रात्री डोळे उघडे ठेवतो. ज्याला सकाळी उठवून हाकलणार आहेत, तो कशाला जागेल? जलाशयात विष टाकणारे, सुरुंगाची दारू फोडून मासे मारणारे असतात, हे मला मान्य आहे. तो गुन्हाच आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण जिथे उजेडात जाळं टाकायचा हक्क काढून घेतला जातो, तिथेच अंधारातले धंदे वाढतात. अंधारात आलेला माणूस जाळ्याच्या भोकाचं माप बघत बसत नाही. त्याला दहा मिनिटांत निघायचं असतं.

२००६ साली संघाची मुदत संपली आणि अभयारण्याच्या कारणाने ती वाढवली गेली नाही. म्हणजे आम्ही २००९ साली गळ टाकून बसलो, तेव्हा दादांचा हक्क जाऊन तीन वर्षं झाली होती. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरज वाटली नव्हती, हे जास्त खरं.

"पण वाघ?" हा दुसरा प्रश्न ग्रुपवर येणारच. वाघाला निवांत जागा हवी, यात दुमत नाही. सातपुड्याचं जंगल मी पायी पाहिलंय, ते राहिलं पाहिजे. पण निवांत म्हणजे कुणापासून निवांत? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, याचं कलम २८ काढून बघा. अभयारण्यात जायला परवाना कशासाठी मिळू शकतो, याची यादी त्यात आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन यादीत आहे. पोटासाठी मासा धरणं यादीत नाही. २०१२ साली आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातसुद्धा वीस टक्क्यांपर्यंत क्षेत्र पर्यटनाला मोकळं ठेवलं. तव्याच्या काठावर पर्यटकांसाठी निवास आहे, पाण्यावर मोटारबोटी फिरतात, मढईला बोटीतून उतरून लोक जिप्सीत बसतात. वल्ह्याने चालणारी डोंगी वाघाची झोप मोडते आणि डिझेलचं इंजिन मोडत नाही, असं कुणा वाघाने लिहून दिलंय का?

कुणी म्हणेल, फौजी माणसाने कायद्याविरुद्ध बोलू नये. मी कायद्याचंच बोलतोय. ज्या वर्षी संघाची मुदत संपली, त्याच २००६ च्या डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांची यादी आहे, आणि तिच्यात मासे आणि पाणवठ्यांतली इतर उत्पादनं असं स्वच्छ लिहिलंय. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातसुद्धा आधी हक्क मान्य करायचे, सहजीवन शक्यच नाही हे दाखवायचं, ग्रामसभेची संमती घ्यायची आणि मगच हक्कांत बदल करायचा, असा क्रम त्याच कायद्यात आहे. कायदा पाळा म्हणणाऱ्यांनी दोन्ही कायदे पाळायला सांगावेत. एक कपाटात ठेवून दुसरा फडकवणं याला शिस्त म्हणत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयापुढेही हा प्रश्न गेला होता, आणि तोही आपल्या नागपूरच्या उशाशी असलेल्या पेंचच्या तोतलाडोह जलाशयावरून. राष्ट्रीय उद्यानातल्या त्या पाण्यात मध्य प्रदेशाने ३०५ विस्थापित कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले होते. ते रद्द करा, अशी मागणी होती. १९९७ साली न्यायालयाने परवाने सरसकट रद्द केले नाहीत. फोटो असलेली ओळखपत्रं द्या, ठरलेल्या जागेतच मासेमारी होऊ द्या, जंगलात आग पेटवू नका, देखरेख ठेवा, अशा अटी घातल्या. म्हणजे जंगल आणि पोट दोन्ही एका हुकमात बसू शकतात, हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने लिहून ठेवलंय. केरळात पेरियारच्या तलावावर पर्यटकांच्या बोटी चालतात, भोवती व्याघ्र प्रकल्प आहे, आणि मन्नान आदिवासींना मासेमारीची मुभाही ठेवली गेली. तिथे आभाळ कोसळलं नाही.

आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तवा जलाशय रामसर पाणथळ जागांच्या यादीत गेला. बातमी वाचून ग्रुपवर सगळ्यांनी तिरंगे टाकले, मीही टाकला. पण रामसर कराराचा पायाच पाणथळ जागांचा 'शहाणपणाने वापर' हा आहे. त्यांनीसुद्धा वापर हा शब्द टाकून दिलेला नाही. प्रश्न फक्त कुणाचा वापर, एवढाच उरतो.

हे सगळं मला इतकं का लागतं, हेही सांगतो. मी साताऱ्याकडचा, जावळीचा. माझं आजोळ कोयनेच्या शिवसागराखाली आहे. आई लहान असताना तिचं घर उठलं. आता तापोळ्याला पुण्या-मुंबईची मंडळी बोटिंगला येतात, 'मिनी काश्मीर' म्हणतात, फोटो काढतात. येऊ देत, त्यातल्या बोटवाल्यांची पोटं त्यावर चालतात. पण आईला एकदा आम्ही बोटीत बसवलं, तर ती सबंध वेळ पाण्याकडे न बघता डोंगराकडे बघत बसली. डोंगर तेवढे ओळखीचे राहिले होते. तिच्या त्या बसण्यात आणि दादांच्या वल्ह्यात मला फरक दिसत नाही. मी दोन्ही बोटींत होतो. एका बोटीत मी उठवलेल्यांचा नातू होतो, दुसरीत रॉड घेतलेला फौजी. आणि दुसऱ्या बोटीत बसल्यावर मी पहिली विसरलो. आपल्यापैकी किती जण धरणग्रस्तांच्या पोटी जन्मलेत, ते एकदा मोजा. उजनी, कोयना, वारणा, धोम. ग्रुपमध्येच डझनभर निघतील.

तेव्हा साहेब, राग मानू नका, पण तुमच्या फिशिंग क्लबला माझा विरोध आहे, तो ज्या अटीवर तुम्ही मांडलात त्या अटीला. गळाला नाही. मी आजही गळ टाकतो. माझं म्हणणं क्रमाचं आहे. लंगरात आधी जवान जेवतो, मग साहेब ताट घेतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जंगलातल्या जलाशयावरही तोच क्रम लावा. ज्याचं गाव पाण्याखाली आहे, त्याचं ताट आधी. मग पर्यटकाचं, मग आपलं.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली : ज्या जलाशयावर विस्थापितांना मासेमारी बंद आहे, तिथे माजी सैनिकांनी गळ घेऊन जाऊ नये. 'बंदोबस्त' झाला असला तरी. विशेषतः बंदोबस्त झाला असला तर. दुसरी : जिथे दोन्ही चालतं, तिथे बोट, नावाडी, मासा, सगळं मासेमारांच्या संस्थेकडूनच घ्यावं आणि पावती मागावी. पावतीने त्यांचा धंदा उजेडात राहतो. तिसरी : आपल्या संघटना पेन्शनच्या एका कलमासाठी दिल्लीपर्यंत पत्रं लिहितात. एक पत्र या लोकांच्या वनहक्काच्या दाव्यांसाठीही लिहावं. ग्रामसभेचा दावा कसा भरायचा, कुठल्या कागदाला कुठला कागद जोडायचा, हे आपल्या क्लार्क मंडळींइतकं कुणाला येतं? निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून जे तक्रार करतात, त्यांच्यासाठी हे काम तयार आहे.

आणि जुना नकाशा वाचता येणारे तर आपण सगळेच आहोत. कोणतं गाव कोणत्या निळ्याखाली होतं, विहीर कुठे होती, गाडीवाट कुठे जात होती, हे जुन्या शीटवरून दाखवून देणं ही दावा सांगणाऱ्याला मोठी मदत असते. पचमढीत त्या प्रश्नाला मी 'पाण्याचा अडथळा' असं उत्तर दिलं होतं. ते उत्तर दुरुस्त करायची ही एक संधी आहे.

दादा आज असतील की नाही, मला माहीत नाही. असतील तर ऐंशीच्या घरात असतील. ते दोन मासे त्यांनी पिशवीत घेतले नाहीत, ही गोष्ट मी घरीसुद्धा बरीच वर्षं सांगितली नव्हती. आता सांगितली. साहेब, पुढच्या वेळी तो व्हिडिओ पाठवाल, तेव्हा त्या बोटीत वल्हं कुणाच्या हातात आहे तेवढं बघा, आणि संध्याकाळी तो घरी काय घेऊन गेला, ते विचारा.

जय हिंद.